जीनोमिक आयलंड नेमके काँटिगच्या सांध्यावरच दिसत असतील तर

गोव्यातल्या रायबंदरच्या मिठागरातल्या गाळातून मिळालेला, पारा सोसणारा स्यूडोमोनास जीवाणू. इल्युमिनाच्या शॉर्ट रीड्सवरून (डीएनएच्या वाचलेल्या छोट्या तुकड्यांवरून) जुळवलेला जीनोम आयलंडव्ह्यूअर या आयलंड शोधणाऱ्या साधनाला दिला, तर जीनोमिक आयलंड, म्हणजे बाहेरून आलेले जनुकसमूह, काँटिगच्या (जुळवलेल्या सलग तुकड्यांच्या) सांध्यांवर. पारा सोसायला लावणारा जनुकसंच, मेर ऑपेरॉन, एका छोट्या तुकड्यावर एकटाच.

काँटिग ज्याच्या आधाराने ओळीत लावतात तो संदर्भ जीनोम बदलला की आयलंडही जागा बदलायचे. डोकं उठलं होतं.

कारण असं: आयएस घटक आणि ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे तुकडे) १५० बेसच्या रीडपेक्षा लांब असतात आणि जीनोममध्ये अनेकदा येतात, त्यामुळे असेंब्ली (रीड्सची जुळवणी) तिथेच तुटते.

उपाय, याच क्रमाने. व्होर्टेक्स न करता, रुंद टोकाच्या टिपने लांब डीएनए काढा. नॅनोपोरचे लांब रीड्स, निदान ५० पट कव्हरेज (प्रत्येक बेस सरासरी ५० वेळा वाचलेला), फ्लाय या प्रोग्रॅमने असेंब्ली. मग शॉर्ट रीड्स वापरून पॉलिपॉलिशने चुका दुरुस्त करा. हे अ‍ॅनोटेशनच्या (जनुकं ओळखून नावं देण्याच्या) आधीच हवं, नाहीतर एकेका बेसच्या चुकीने इंटिग्रेज जनुक (आयलंडला गुणसूत्रात शिरवणारं) मोडकं दिसतं. वर्तुळाकार गुणसूत्राची सुरुवात डीएनए-ए (dnaA) जनुकापासून करून घ्या, अ‍ॅनोटेशनसाठी बाक्टा चालवा, मगच आयलंड शोधा.

त्यानंतर हाताने तपासणी, खरं काम इथेच आहे. खऱ्या आयलंडची खूण अशी: एका टोकाला टीआरएनए जनुक, लगत इंटिग्रेज, दुसऱ्या टोकाला टीआरएनएच्या शेवटच्या भागाचीच छोटी प्रत. आयलंडच्या दोन्ही बाजूंचे ५ केबी (५ हजार बेस) जवळच्या स्ट्रेनच्या जीनोमशी ब्लास्टने जुळवून बघा. तिथे ते एकमेकांना चिकटून आले, तर मधला भाग नंतर शिरला हा भक्कम पुरावा. आरआरएनए आणि रायबोसोमल प्रथिनांचे समूह मात्र वगळा. त्यांची बेसची रचना मुळातच वेगळी असते, म्हणून ते चुकून आयलंड वाटतात. मेर ऑपेरॉन वेगळ्या वर्तुळाकार काँटिगवर आला, तर तो प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनएवर) आहे का ते आधी बघा.