बहिणीला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ कसा मिळवला (माझा अनुभव)

आम्ही नाशिकचे, सिडकोत राहतो. बहिणीला अगदी कमी दिसतं, यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) आहे, तरी कॉलेजने लेखनिक (ती सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) द्यायला सरळ नकार दिला, म्हणे प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात देऊ तेवढं बास. लेखनिक हा काय उपकार आहे का? फार संताप आला.

तोंडी बोलून काही होईना म्हणून मग लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्जात दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 17 टाकलं, त्यात जादा वेळ आणि लेखनिक दोन्ही स्पष्ट लिहिलंय. सोबत केंद्राच्या तेव्हा लागू असलेल्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना जोडल्या, त्यात तासाला किमान 20 मिनिटं जादा द्या असं होतं, म्हणजे 3 तासांच्या पेपरला पूर्ण 1 तास वाढत होता. शिवाय सुप्रीम कोर्टाचा 2021 चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी निकाल, त्यात तर 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलं तरी लेखनिक नाकारता येत नाही असं म्हटलंय, आणि आमच्याकडे तर 40 च्या वरचं सर्टिफिकेट!

शेवटी लिहिलं की उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करू (त्यांना सुनावणीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, वकील लावायच्या आधी हाच रस्ता धरा). तक्रारीची वेळच आली नाही, परीक्षेआधी लेखी परवानगी हातात आली.

लेखनिक मात्र आधीच ठरवून त्याच्यासोबत सराव करून घ्या, गणिताच्या खुणा आणि आकृत्या बोलून सांगणं अवघड जातं.