मराठ्यांच्या लष्करी इतिहासावर लिहिताना या चुका टाळा

पहिली चूक होते ती रणांगणापासून सुरुवात करण्याची. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज पुढच्या पावसाळ्यापूर्वी सहसा परत फिरत असे, कारण एकीकडे नद्यांना पूर येत आणि दुसरीकडे कित्येक शिपायांची शेती पेरणीसाठी खोळंबलेली असे. एखादी मोहीम अर्ध्यावर का आटोपली, असा प्रश्न पडला की सेनापतीच्या स्वभावाआधी मृग किती दिवसांवर आला होता ते पाहावे.

दुसरी चूक अधिक महागात पडते. फौजेला एका प्रकरणात आणि रयतेला दुसऱ्या प्रकरणात बसवले जाते. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र याच ठिकाणी उपयोगी पडते. दाणा-वैरण बेताने वापरली नाही तर भर पावसात घोडी मरतील, शिपाई कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा उचलू लागतील आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा इशारा त्यात आहे; उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथवर महाराजांची काळजी पोहोचते. हे पत्र बहुधा दयाळूपणाचा दाखला म्हणून उद्धृत होते. तो दाखला आहेच. पण घोड्याची वैरण आणि राज्याचा महसूल एकाच शेतातून येतो, हा त्यातला रोखठोक हिशेब मात्र वाचायचा राहून जातो.

शिलेदार आणि बारगीर हे शब्दही एकमेकांऐवजी वापरू नयेत. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, बारगिराचे सरकारी पागेतले. घोडे पडले तर नुकसान कोणाचे, हे त्यावरून ठरे.

महादजी शिंद्यांच्या कवायती, म्हणजे युरोपीय पद्धतीची शिस्त शिकवलेल्या, पलटणींकडे केवळ बंदुकांची सुधारणा म्हणून पाहू नये. पेरणीला घरी न जाणाऱ्या या फौजेला नियमित रोख पगार लागे आणि त्यासाठी गंगा-यमुनेमधल्या दोआबातील मुलूख लावून द्यावा लागला.

लढाई थांबली की समाजाचे प्रकरण मिटवून टाकणे, हीदेखील चूकच. इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातील नोकरीने महार कुटुंबांना पेन्शन आणि मुलांना छावणीतील शाळा मिळाली; सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत शिकवत आणि 1891 मध्ये त्यांचे पुत्र भीमराव आंबेडकर यांचा जन्म महूच्या छावणीत झाला. त्याच दशकात काही जातीच जन्मजात लढवय्या असतात असे मानणाऱ्या ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धान्तापायी महारांची भरती थांबली. पहिल्या महायुद्धात उभारलेली त्यांची पलटण युद्धानंतर मोडण्यात आली आणि महार रेजिमेंटसाठी 1941 उजाडावे लागले.