रात्री नांगर सुटू नये म्हणून साखळीचा हिशोब

दोघांनीच ब्रिटनच्या किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाची बोट न्यायची तर रात्रीची झोप नांगरावर अवलंबून. संध्याकाळी ओहोटीला पाणी ३ मीटर दिसतं, आपण तेवढ्यावरच साखळी सोडतो आणि मध्यरात्री भरतीला बोट घसरायला लागते. वेल्सच्या मिलफर्ड हेवनला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ६ मीटरच्या वर जातो!

आम्ही आता असं करतो:

१. भरती-ओहोटीच्या तक्त्यातून त्या रात्रीचा फरक काढायचा. समजा ६ मीटर.

२. ओहोटीचं पाणी ३, चढणारं ६, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची १. झाले १०. त्याच्या चौपट, म्हणजे ४० मीटर साखळी. (नुसत्या ओहोटीवर मोजली असती तर १६!) वाऱ्याची लक्षणं असतील तर अजून.

३. फरकाचे १२ भाग करायचे. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा भागांनी चढतं. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासातच निम्मं, ३ मीटर. पहारा त्या दोन तासांत. एक जागा, दुसरा झोपलेला. वेळा चिठ्ठीवर लिहून सुकाणूजवळ चिकटवायच्या. झोपेतून उठवलेल्या माणसाला गणित घालू नये, भांडणं होतात.

ओहोटीला हीच लांब साखळी बोटीला मोठा फेर घ्यायला लावते, तेव्हा शेजारच्या बोटींपासून लांब थांबा.

साउदॅम्प्टनच्या बाजूला मात्र बारा भागांवर विसंबू नका. तिथे एकाच भरतीत पाणी दोनदा उच्चांक गाठतं, तिथला स्थानिक तक्ताच बघायचा.