पाळीच्या गोळ्या अन् पिशवीची घाई: या चुका टाळा

माझं मेडिकल आहे बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. काउंटरला बाईमाणूस आहे म्हणून बाया मोकळेपणानं बोलतात, अन् त्यामुळंच त्याच त्या चुका मला वर्षानुवर्षं दिसतात. आता लिहूनच टाकते.

सगळ्यात आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. महालक्ष्म्या आल्या, नवरात्र आलं, घरात लग्न निघालं की रांग लागते. ही गोळी म्हणजे नॉरइथिस्टेरॉन, हार्मोनची गोळी आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण तारीखच माहीत नसेल तर तीन दिवस आधी म्हणजे कधी? "उद्या पूजा आहे, आज पोट दुखायलंय, द्या लवकर" असं म्हणणाऱ्या पोरी येतात, तोवर उशीर झालेला असतो, मग डबल गोळ्या खातात. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झालीय त्यांनी तर हिला हातच लावायचा नाही. आणि ही गोळी खाल्ली म्हणजे दिवस राहणार नाहीत असंही नाही.

एका वर्षी महालक्ष्म्या उठल्यावर एक जाऊबाई धाकट्या जावेला घेऊन आली. गोळ्या दुसऱ्याच कुठल्या तरी दुकानातून, चिठ्ठी न दाखवता घेतलेल्या. म्हणे, "ताई, गोळ्या संपून आठ दिवस झाले, हिची पाळी आली नाही, आता पाळी यायची गोळी द्या." मी विचारलं शेवटची पाळी कधी आली होती. दोघी एकमेकींकडं बघायल्या, मग धाकटी म्हणली, पंचमीच्या आसपास. पोरगी पांढरीफटक, उभं राहवत नव्हतं, डाव्या बाजूला पोटात दुखतंय म्हणे आणि खांदाही दुखतोय. मी गोळी दिली नाही, प्रेग्नन्सीची किट दिली, माझ्याच घरात आत नेऊन टेस्ट करायला लावली. दोन रेघा आल्या. लगेच जीप करून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. गर्भ पिशवीत न राहता बाजूच्या नळीत राहिला होता, नळी फुटली होती, रात्रीच ऑपरेशन झालं, रक्त चढवावं लागलं, पण पोरगी वाचली. इथं नीट समजून घ्या, गोळीमुळं गर्भ नळीत गेला नाही. गोळीनं झालं एवढंच की चुकलेली पाळी झाकली गेली, घरातल्या सगळ्यांना वाटलं गोळीमुळंच उशीर व्हायलाय, आणि आठ दिवस कुणीच काही बघितलं नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी: गोळी बंद करून आठवड्यात पाळी आली नाही तर आधी टेस्ट, सकाळच्या पहिल्या लघवीची. टेस्टच्या आधी पाळी आणायची कुठलीही गोळी मी देत नाही, कुणी कितीही घाई करो. गर्भ पाडायच्या गोळ्यांचं किट मागणाऱ्या नवऱ्यांनाही तेच उत्तर, नळीतल्या गर्भावर त्या गोळ्या चालत नाहीत, आधी डॉक्टरला दाखवा.

तारीख मोजायची पण बऱ्याच जणींना माहीत नसते. अंगावर जायला लागल्याचा पहिला दिवस म्हणजे दिवस पहिला, तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. 21 ते 35 दिवसांत आली तर ठीक, दर महिन्याला त्याच तारखेला यायलाच पाहिजे असं काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं गोल करा, माझ्या लेकीलाही मी हेच शिकवलंय.

दुसरी चूक पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायची घाई, आणि हिच्यावर मला राग येतो. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं काय झालं ते 2019 साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. सरकारी पाहणीत 82 हजारांवर बायांची चौकशी झाली, त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडात ना पाणी ना आडोसा, मग तिशीतली बाई म्हणते काढून टाका एकदाची कटकट. त्या बाईला मी दोष देत नाही. "पिशवी सडली, कॅन्सर होईल" असं सांगून भीती घालणाऱ्याला देते. जास्त अंगावर जायची कारणं पन्नास असतात, थायरॉईड, पिशवीतल्या गाठी, तांबी, हार्मोनची गडबड. बऱ्याच जणींचं गोळ्यांवर किंवा हार्मोनच्या तांबीवर भागतं. ऑपरेशन लागतंच अशाही बाया असतात, पण आधी कारण लेखी विचारा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि अंडाशय ठेवणार का काढणार हे नक्की विचारा. तरुणपणी तेही काढले की हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो.

कॅन्सरची भीती असेल तर तपासणी करा. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायांचा अभ्यास झाला, 2009 ला निकाल आला. एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

बाकीच्या पटापट सांगते. दर तासा-दोन तासाला पॅड भिजतंय आणि गाठी पडतायत तर "उष्णता झाली" म्हणून बसू नका, हिमोग्लोबिन बघा, 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. रक्ताची गोळी चहासोबत घेऊ नका, अंगाला लागत नाही. पांढरं थोडं जाणं नॉर्मल आहे, वास, खाज, दह्यासारखं असेल तर दाखवा. नुकतीच पाळी सुरू झालेल्या पोरीची दोन-तीन वर्षं मागंपुढं होते, एका सोनोग्राफीवरून तिला पीसीओडीचा (हार्मोनच्या गडबडीनं पाळी मागंपुढं होण्याचा आजार) शिक्का मारू नका. आणि शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर "लग्न झालं की थांबतं" म्हणून गप्प बसवू नका, एंडोमेट्रिओसिस असू शकतं, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं.

आणि पाळी जाऊन वर्ष झालं असेल अन् मग डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात तपासा. सासूबाई, आई सांगणार नाहीत, तुम्हीच विचारा.