पालिकेनं लावलेली झाडं का जगत नाहीत? लावणीपासून छाटणीपर्यंतच्या या चुका टाळा

जुलैत फुटपाथवर लावलेलं रोप पुढच्या मे महिन्यात वाळून गेलं की दोष उन्हाला, नाहीतर ‘लोकांना कदरच नाही’ म्हणत रहिवाशांना दिला जातो. पण मेलेलं रोप उपटून पाहिलं तर कारण बहुतेक वेळा त्याच्या बुडाशीच सापडतं. कधी न काढलेली प्लॅस्टिकची पिशवी, कधी विटा-सिमेंटच्या राडारोड्यानं भरलेला खड्डा, कधी सालीत रुतलेली तार. या चुका टाळणं अवघड नाही. तरी त्या दरवर्षी होतात, कारण हिशेब लावलेल्या झाडांचा ठेवला जातो, जगलेल्यांचा नाही. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तो आकडा अनेकांना आठवतो. आपल्या प्रभागात त्या वर्षी लावलेल्यांपैकी आज किती उभी आहेत, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकेल.

तारीख पाहून लावणी

५ जूनला पर्यावरण दिन असतो, म्हणून त्याच दिवशी फोटोसह लागवड उरकली जाते. कोकणात एखाद वेळी ते जमूनही जातं. विदर्भ-मराठवाड्यात मात्र पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोहोचतो आणि नीट बसायला आणखी दिवस घेतो. तापलेल्या जमिनीत, टँकरची सोय नसताना ठेवलेलं रोप पहिल्याच आठवड्यात मान टाकतं. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, ते आपल्या हवामानाला जास्त धरून आहे. कार्यक्रम ५ जूनलाच हवा असेल तर त्या दिवशी खड्डे खणा, माती भरा आणि दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावा.

खड्डा आणि पिशवी

निविदेत तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा लिहिलेला असतो. जागेवर तो फूटभराचा निघतो. फुटपाथखाली माती क्वचितच असते. खडी, मुरूम आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा काढून बाहेर न्यायचा असतो, पण तोच परत लोटला जातो. दुसरी अडचण कमी दिसते: कठीण मुरुमात खणलेला खड्डा वाटीसारखा पाणी धरून ठेवतो आणि मुळं कुजतात. तेव्हा रोपाची पानं पिवळी पडतात. माळ्याला वाटतं पाणी कमी पडतंय, म्हणून तो आणखी ओततो. लावणीआधी खड्डा पाण्यानं भरून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर तळ पहारीनं फोडल्याशिवाय तिथं झाड लावू नका.

पिशवी ‘फाडली’ म्हणजे काढली असं नव्हे. ती पूर्ण निघाली पाहिजे. रोपवाटिकेत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात. ती हातानं सोडवली नाहीत, किंवा बाहेरची वेटोळी कापली नाहीत, तर ती तशीच वाढत राहतात. असं झाड दहा-पंधरा वर्षं ठीक दिसतं आणि एका वादळात बुंध्यापासून उन्मळतं. मुळांना बाहेर पसरायची सवयच लागलेली नसते.

रोप फार खोलही पुरू नका. खोड जिथं जमिनीलगत रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. आळ्यात वाळलेल्या पानांचं आच्छादन जरूर घाला, पण खोडापासून वीतभर लांब. साल सतत ओली राहिली की कुजते.

जागा न पाहता जात निवडणं

गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेचा. दोन्हींनी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांना सावली दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे अरुंद फुटपाथवर तो पावसाळ्यात धोक्याचा ठरतो. मुंबईत पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाची (रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीची) साथ आली आणि एकाच जातीच्या रांगाच्या रांगा सुकल्या. एका रस्त्यावर एकच जात लावली की एक कीड अख्खा रस्ता रिकामा करू शकते. झटपट हिरवळ हवी म्हणून कोनोकार्पस या भराभर वाढणाऱ्या परदेशी झाडाच्या रांगा लावल्या गेल्या. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या दुभाजकांवर तो अजून दिसतो.

विजेच्या तारांखाली कांचन, पारिजातक यांसारखी लहान झाडं. मध्यम रुंदीच्या रस्त्यावर ताम्हण, बकुळ, बहावा, करंज. वड-पिंपळ मैदानाच्या कडेला, जिथं त्यांना शंभर वर्षं कोणी हात लावणार नाही. ताम्हण आपलं राज्यपुष्प आहे आणि भर उन्हाळ्यात फुलतं. ते दर रस्त्यावर का नसावं, हे मला आजवर समजलेलं नाही.

पहिले तीन उन्हाळे

रोप लावल्यावर खरं काम सुरू होतं आणि नेमकं तिथंच ठेका संपलेला असतो. फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश मुरू द्यावं. रोज तांब्याभर शिंपडलं तर मुळं वरच राहतात.

आधाराची काठी तारेनं किंवा नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधू नका. काथ्या किंवा जुनं सुती कापड घ्या, काठी आणि खोड यांच्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्या आणि दीड-दोन वर्षांनी सोडून टाका. लोखंडी पिंजऱ्याचंही तसंच आहे. खोड गजांना भिडण्याआधी तो काढायचा असतो. पण पिंजऱ्यावर देणगीदाराची पाटी असते, म्हणून कोणी हात लावत नाही, आणि झाड गज गिळत वाढतं. खोडाला तार रुतलेली दिसली तर ओढून काढू नका. जिथं मोकळी आहे तिथं पक्कडनं तुकडे करा. सालीच्या आत गेलेला भाग राहू द्या.

बुंध्यापर्यंत काँक्रीट

रस्ता नवा झाला की झाडाच्या बुंध्याला टेकवून पेव्हर ब्लॉक बसवले जातात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती बंद होते. शेंडा विरळ होणं, पानं लहान येणं, फांद्या टोकाकडून वाळत येणं ही त्याची लक्षणं दोन-चार वर्षांनी दिसतात आणि तोवर दोष पावसाला दिला जातो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडेही किमान तेवढी जागा मागा. काँक्रीट फोडताना ब्रेकर मुळांना लागू देऊ नका. शेवटचा थर छिन्नी-हातोड्यानं काढून मोकळ्या जागेत माती आणि शेणखत भरा.

केबल किंवा जलवाहिनीचा चर बुंध्याला खेटून खणला तर त्या बाजूची आधाराची मुळं तुटतात. वरून झाड हिरवंगार असतं आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात चराच्या उलट बाजूला कोसळतं. मग पंचनाम्यात ‘झाड जुनं होतं’ असं लिहिलं जातं. पावसाळ्याआधी बुंध्याभोवती जमिनीला नवी भेग, अचानक आलेला कल किंवा खोडाच्या बुडाशी उगवलेली कठीण अळंबी दिसली तर लगेच उद्यान विभागाला कळवा. पानं हिरवी आहेत यावर विसंबू नका.

पावसाळ्याआधीचं बोडकं करणं

सगळ्यांत जास्त नुकसान इथं होतं. एप्रिल-मेमध्ये ठेकेदाराची गाडी येते आणि झाडाचा सगळा शेंडा उतरवून जाते. लोकांना हायसं वाटतं. मात्र कापलेल्या फांद्यांच्या उरलेल्या ठोकळ्यांवर पुढच्या पावसात जे धुमारे फुटतात ते सालीलगतच्या थरातूनच आलेले असतात, आतल्या लाकडात त्यांचा पाया नसतो. दोन-तीन वर्षांत ते जाड होतात आणि तेच तुटून गाड्यांवर पडतात. उघड्या जखमांतून कुजणं आत शिरतं ते वेगळंच. फक्त तारेच्या बाजूच्या फांद्या कापल्या की झाडाचा सारा भार रस्त्याकडे कलतो.

बरोबर छाटणीत वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि खरोखर धोक्याच्या फांद्याच जातात. जाड फांदी तीन कापांत उतरवायची: आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी साल न सोलता पडते, आणि शेवटी उरलेला ठोकळा खोडाजवळच्या फुगीर कड्याबाहेर. तो कडा कापला तर जखम भरत नाही. हे कोयत्यानं होणारं काम नव्हे. करवत लागते आणि शिकवलेला माणूस लागतो.

छाटणीआधी घरटी पाहा. बगळे आणि रातबगळे पावसाळ्यात मोठ्या झाडांवर वसाहती करतात. तेव्हा फांद्या उतरवल्या की पिल्लं रस्त्यावर पडतात.

तक्रार करताना

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड ‘तोडणं’ यात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. सोसायटीच्या आवारातलं झाडही याच कायद्याखाली आहे. जाहिरातीचे खिळे, बुंध्याशी पेटवलेला पाचोळा, मुळांवर ओतलेलं काँक्रीट, या सगळ्याबद्दल पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. फोनवर थांबू नका. तारखेसह फोटो, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि झाडाची जात लिहा, पोच घ्या.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर एक झाड तोडायचं तर त्याच्या अंदाजे वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची आहे. ही तरतूद फार लोक वापरत नाहीत. तुमच्या रस्त्यावर तोडीची नोटीस लागली तर हरकत घेताना भरपाईची झाडं कुठं लावणार, त्यांचं स्थान नोंदवलं आहे का, हे विचारा. पुनर्रोपणाच्या आश्वासनावर समाधान मानू नका. मुळं घाईनं तोडून हलवलेली मोठी झाडं बहुतेक वेळा उभी वाळतात.

माहिती अधिकारात अर्ज करायचा तर ‘किती झाडं लावली’ एवढंच विचारू नका. कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम देताना काढलेल्या आदेशाची, प्रत मागा. देखभालीचा कालावधी किती, पाण्याच्या फेऱ्यांची नोंदवही कुठं आहे, मेलेलं रोप कोणाच्या खर्चानं बदलायचं आणि ठेकेदाराचं शेवटचं देयक लावणीनंतर दिलं की तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच्या पाहणीवर, हे प्रश्न घाला. देयक लावणीलाच पूर्ण गेलं असेल तर प्रभाग समितीत पुढच्या निविदेची अट बदलून मागा. रकमेचा मोठा हिस्सा जगलेल्या झाडांच्या पाहणीनंतरच द्यायचा आणि त्या पाहणीला रस्त्यावरचे दोन रहिवासी हजर ठेवायचे.