गाडीचा थर्मोस्टॅट घरी कसा तपासावा आणि कसा बदलावा

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. गाडी घाटात तापू लागली की थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला काही गॅरेजमध्ये आजही मिळतो आणि ‘आपल्याकडे एवढी थंडी असते कुठे’ हे त्याचे समर्थनही तयार असते. तो मानू नये. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तोवर जास्त इंधन जळते आणि इंजिनाची झीजही वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच भाग गरम झाल्यावर बायपासचा मार्ग बंद करतो. तो काढला तर कूलंटचा काही हिस्सा रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परततो आणि गाडी उलट अधिक तापते.

थर्मोस्टॅटच्या मध्यभागी एका छोट्या धातूच्या डबीत मेण असते. ते वितळून फुगले की व्हॉल्व्ह उघडतो आणि निवले की स्प्रिंग तो बंद करते. हे उघडणे सुरू होण्याचे तापमान बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि सहसा त्याच्या धातूवर कोरलेले असते.

बिघाड दोन प्रकारचा असतो. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर तापमानाचा काटा भराभर वर जातो, पण रेडिएटरचा वरचा होज पाइप गारच राहतो. मात्र कूलंट कमी असला किंवा वॉटर पंप निकामी झाला तरी हेच दिसते, म्हणून आधी ते पाहून घ्यावे. उघडा अडकला तर काटा बराच वेळ खालीच रेंगाळतो, हीटरची हवा कोमट लागते आणि तो होज सुरुवातीपासूनच हळूहळू गरम होत जातो. थर्मोस्टॅट चांगला असेल तर होज काही मिनिटे गार राहून मग एकदम तापतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला बसवलेला असतो, तेव्हा तपासणी तिथे करावी. हात लावताना पंख्यापासून दूर राहावे, कारण विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

काढण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच, शक्यतो सकाळी करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालचा उकळता कूलंट थेट अंगावर येतो. रेडिएटरखाली पसरट टब ठेवून पातळी हाउसिंगच्या (थर्मोस्टॅट ज्या कवचात बसतो त्याच्या) खाली जाईपर्यंत कूलंट काढावा. तो चवीला गोडसर पण विषारी असतो, त्यामुळे मुले आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून तो दूर ठेवावा आणि गटारात ओतू नये. त्यानंतर होजची क्लिप सैल करून हाउसिंगचे बोल्ट काढावेत आणि जुना थर्मोस्टॅट कोणत्या दिशेने बसला आहे, याचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

आता पाण्याची परीक्षा. स्वयंपाकात पुन्हा वापरायचे नाही असे जुने पातेले घ्यावे आणि १०० अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर घ्यावा. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही. थर्मोस्टॅट एकदा गरम पाण्यात उघडू द्यावा, व्हॉल्व्हच्या फटीत दोरा सरकवावा आणि निवल्यावर तो दोऱ्यावर घट्ट मिटला की त्याच दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडावा, तळाला टेकू देऊ नये. मंद आचेवर पाणी तापवत राहिल्यास व्हॉल्व्ह उघडायला लागताच थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. त्या क्षणीचा आकडा कोरलेल्या आकड्याच्या जवळ असावा. पाणी उकळले तरी तो उघडला नाही किंवा गार असतानाही फट दिसत असेल तर तो बाद समजावा. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे तिथे पूर्ण उघडण्याची अपेक्षा धरू नये. व्हॉल्व्ह उघडायला लागला एवढे पुरते. काही नव्या इंजिनांत विजेच्या जोडणीचा, १०० अंशांच्या वर उघडणारा थर्मोस्टॅट असतो. त्याला ही परीक्षा लागू पडत नाही.

नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा घ्यावा. कमी अंशांचा बसवून गाडी थंड राहील ही समजूत चुकीची आहे, कारण रेडिएटरची क्षमता त्याने वाढत नाही. जुन्या गॅस्केटचे (सांध्यातून गळती होऊ न देणाऱ्या पातळ पट्टीचे) अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावेत, कारण ॲल्युमिनियमवर पडलेल्या ओरखड्यातून पुढे गळती होते. नवे गॅस्केट किंवा ओ-रिंग (रबरी कडे) लावून थर्मोस्टॅट जुन्याच दिशेने, म्हणजे सहसा स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवून बसवावा. कडेला हलणारी छोटी पिन असल्यास ती वरच्या बाजूला यावी, कारण अडकलेली हवा तिथूनच निघते. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. जोर लावला तर हाउसिंगला तडा जातो.

शेवटी कंपनीने सांगितलेलाच कूलंट भरावा; तो घट्ट स्वरूपात असल्यास डिस्टिल्ड पाण्यात डब्यावरील प्रमाणाने मिसळावा, नळाचे पाणी वापरू नये. झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू करावे आणि चेहरा दूर ठेवून पातळी पाहत राहावी. बुडबुडे थांबले आणि होज तापला की कूलंट पुरेसा भरून झाकण लावावे. काही गाड्यांना हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो किंवा रेडिएटरवर झाकणच नसते, तिथे मॅन्युअलमधील पद्धत वापरावी. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा तपासावी आणि हाउसिंगच्या सांध्यावर ओल नाही ना, हे बोट फिरवून पाहावे.