बरडॉक ओळखताना, लावताना, शिजवताना: या चुका टाळा

बरडॉकच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात: मुळासाठी लावली जाणारी ही वनस्पती दोन वर्षं जगते. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसती पानं असतात आणि सगळं अन्न खाली सोटमुळात साठतं. दुसऱ्या वर्षी तोच साठा खर्चून माणसाएवढा दांडा वर येतो, जांभळी फुलं आणि आकडेदार बोंडं लागतात, बी पिकतं आणि झाड मरतं. बोंडं दिसली की बरडॉक कुणीही ओळखेल, पण तोवर मूळ लाकडासारखं दोरकट आणि आतून पोकळ झालेलं असतं. खाण्याजोगं मूळ असतं ते पहिल्या वर्षाच्या झाडाखाली, आणि तिथे ओळख पटवायला फक्त पानं हाताशी असतात.

मोठी पानं दिसली की खणायला घेणं

पान उलटून बघा. बरडॉकच्या पानाची खालची बाजू पांढुरक्या, दाट लवेने भरलेली असते आणि अंगठा घासला की ती लव मऊ कापडासारखी लागते. वरची बाजू मळकट हिरवी, कडा लाटांसारख्या, आकार हृदयासारखा. देठ आडवा कापून पाहा. मोठ्या जातीचा (आर्क्टियम लॅपा) देठ बहुधा भरीव आणि वरून खोबणीचा असतो, तर लहान जातीचा (आर्क्टियम मायनस) पोकळ. दोन्हींची मुळं खाता येतात, त्यामुळे इथे गल्लत झाली तरी बिघडत नाही.

ऱ्हुबार्बची पानंही मोठी असतात, पण त्यांना पांढरी लव नसते आणि देठ अनेकदा तांबूस असतात. त्या पानांत ऑक्झॅलिक आम्ल असल्याने ती विषारी आहेत. शंकेश्वराची बोंडंही कपड्यांना चिकटतात, पण ती लांबट आणि टणक असतात, टोकाला दोन चोची असतात. त्याची कोवळी रोपं आणि बिया विषारी आहेत. बरडॉकची बोंडं गोल असतात आणि बोटांनी चोळली की सुटी होतात.

खरा धोका पानं वाळून गेल्यावरच्या खणतीत आहे. नुसत्या मुळावरून बरडॉक आणि धोत्रा वेगळे सांगता येतीलच असं नाही. जपानमध्ये धोत्र्याचं मूळ ‘गोबो’ म्हणजे बरडॉक समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्या आहेत. १९७०च्या दशकात अमेरिकेत विकत घेतलेल्या बरडॉक मुळाच्या चहात ॲट्रोपीन निघालं होतं. ॲट्रोपीन हे विषारी द्रव्य बरडॉकमध्ये नसतं, ते बेलाडोना आणि धोत्र्याच्या कुळात असतं. तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, अंधुक दिसणं, धडधड, लघवी अडणं, असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं तर तासभर वाट बघत बसू नका. उरलेलं मूळ सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

म्हणून पानं हिरवी असतानाच जागेवर खुंटी ठोकून ठेवा. बागेत धोत्रा शोभेसाठी लावला असेल तर बरडॉकचा वाफा त्याच्यापासून दूर करा. नावावरही विसंबू नका: जपानीत ‘यामागोबो’ नावाचं लोणचं एका काटेरी रानफुलाच्या मुळाचं असतं, पण वनस्पतिशास्त्रात तेच नाव फायटोलॅका या विषारी वनस्पतीला आहे.

मुळाला फाटे फुटतात, का?

लागवडीतली सर्वांत जास्त तक्रार हीच. सोटमुळाचं टोक सरळ खाली जात असतं. त्याला खडा, घट्ट थर किंवा न कुजलेल्या खताचा गोळा आडवा आला की ते टोक मरतं आणि बाजूने दोन-तीन मुळं फुटतात. लांब मुळांच्या वाणांना, उदाहरणार्थ ताकिनोगावाला, ७० सें.मी. ते मीटरभर भुसभुशीत माती लागते. एवढं खणणं जमणार नसेल तर ३५-४० सें.मी. मुळांचा आखूड वाण निवडा. दुसरा उपाय म्हणजे मोठ्या पोत्याचा तळ कापून ते वाफ्यावर उभं करायचं आणि चाळलेल्या मातीने भरायचं. काढणीला पोतं बाजूने फाडलं की काम झालं.

ताजं शेणखत कधीच घालू नका. पूर्ण कुजलेलं खत आधीच्या पिकाला दिलेलं उत्तम, नाहीतर ओळीच्या दोन्ही बाजूंना द्या, मुळाच्या वाटेत नको. ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवणं हीसुद्धा फाटे फुटण्याची खात्रीची वाट आहे. बी जागेवरच टोका.

बी उगवलं नाही, तर ते बहुतेक वेळा खोल पेरलेलं असतं. या बियांना उगवायला उजेड हवा असतो. रात्रभर पाण्यात भिजवा, ओळीत १०-१२ सें.मी. अंतरावर तीन-चार बिया टाका आणि जेमतेम झाकतील एवढीच, अर्धा सें.मी. माती वर भुरभुरून तळहाताने दाबा. २० ते २५ अंश तापमान आणि सतत ओल मिळाली तर एक-दोन आठवड्यांत उगवण होते. माती आम्लधर्मी असेल तर पेरणीच्या दोन आठवडे आधी चुना मिसळून सामू (पीएच) ६.५ ते ७.५ दरम्यान आणा.

विरळणीत अनेकजण सर्वांत दांडगं रोप ठेवतात. तसं करू नका. ज्याची पानं सरळ वर उभी आहेत ते रोप ठेवा. पानं आडवी पसरलेली किंवा एकाच बाजूला कललेली असतील तर खाली मूळ वाकडं किंवा फाटे फुटलेलं असण्याची शक्यता मोठी असते. बोटांनी शेजारची माती दाबून धरा आणि नको ते रोप हळूच उपटा.

पहिल्याच हंगामात दांडा वर आला, तर पेरणीची वेळ चुकली. मूळ पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर लांबलचक थंडी लागली आणि मग दिवस मोठे झाले की झाड फुलोऱ्याकडे वळतं. थंडी ओसरल्यावर पेरलं तर हा त्रास टळतो. पाणी साचू देऊ नका, मूळ टोकापासून सडतं. त्याच वाफ्यात लगेच पुन्हा बरडॉक नको, सूत्रकृमी वाढतात. तीन-चार वर्षांची फेरपालट ठेवा.

काढणी पेरणीनंतर साधारण १०० ते १५० दिवसांनी. पानं धरून ओढलं तर मूळ मधेच तुटतं. ओळीच्या बाजूने खोल चर खणा, मूळ उघडं पडू द्या आणि मग चराकडे कलवून काढा. पातळ मूळ चवीला कोवळं लागतं, म्हणून जाडीच्या लोभाने थांबू नका.

साल सोलणं आणि तासभर भिजवणं

बरडॉकचा मातकट, गोडसर सुगंध सालीत आणि सालीलगत असतो. ब्रशने घासा किंवा सुरीच्या मागच्या बाजूने हलकं खरवडा, एवढं पुरे. कापल्यावर काळं पडतं ते क्लोरोजेनिक आम्लासारख्या पॉलिफेनॉल्सचा हवेशी संबंध आल्यामुळे. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून पाच मिनिटं ठेवा. जास्त वेळ ठेवलं तर रंग राहतो, पण चव पाण्यात जाते. परतून सोयासॉसमध्ये शिजवणार असाल तर भिजवूच नका.

शिजताना तुकडे हिरवट-निळे झाले तर घाबरू नका. खाण्याचा सोडा किंवा अल्कधर्मी पदार्थ सोबत असला की तेच पॉलिफेनॉल रंग बदलतात. लोखंडी कढईत काळपट होण्याचं कारणही तेच. चिवट लागत असेल तर काप चुकीचा आहे: पेन्सिल छिलतो तसं मूळ फिरवत पातळ ढलप्या काढा, धागे आखूड होतात.

यात इन्युलिन भरपूर असतं. ते आपल्याला पचत नाही, आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि पोट फुगतं. पहिल्यांदा ५० ग्रॅमच्या वर खाऊ नका.

काढा म्हणजे चहा समजणं

वाळलेलं मूळ नुसतं गरम पाण्यात बुडवून फारसं काही उतरत नाही. परंपरेने एका वेळेला २ ते ६ ग्रॅम घेतात. सुरुवात २ ग्रॅमने करा: दीड कप पाण्यात स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर १०-१५ मिनिटं उकळा आणि गाळा. अल्कोहोलमधल्या अर्काच्या तळाशी पांढरा गाळ बसतो तो इन्युलिनचा, बुरशी नव्हे. केसांसाठी तेल करताना मात्र ओलं मूळ तेलात घालून ठेवू नका. पाण्याचा अंश राहिला की तेल बिघडतं आणि हवा नसलेल्या त्या ओलाव्यात घातक जिवाणू वाढू शकतात. पूर्ण वाळलेलंच मूळ वापरा.

लघवी साफ होण्यासाठी, भूक लागण्यासाठी आणि त्वचेच्या तक्रारींवर हा काढा जुन्या वापरातला आहे. तो आजार बरा करतो असं समजून चालू औषधं बंद करू नका. गरोदर स्त्रिया, सूर्यफूल-शेवंती कुळाची ॲलर्जी असलेले, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने सूज येणारे यांनी घेऊ नये. मधुमेहाची, रक्त पातळ करणारी किंवा लघवीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

बियाणं गोळा करताना बोंडं घरात चोळू नका. आतली बारीक, ठिसूळ कुसं हवेत उडतात आणि त्वचेत, घशात, डोळ्यांत शिरतात. हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून, वाऱ्याकडे पाठ करून बाहेर चोळा. डोळ्यात गेलंच तर चोळू नका. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, आणि तरीही टोचत राहिलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा, कारण बुबुळावर रुतलेलं कुस साध्या नजरेला दिसत नाही.